सहा सुवर्णपदकं आणि हॉकीची काठी गायब: ठाण्यातल्या एका फ्रेमचं प्रकरण

स्पोर्ट्स थीमवर स्टॅम्प जमवणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत, पण त्यातून प्रदर्शनात लावण्यासारखी फ्रेम, म्हणजे एका विषयावर ओळीने मांडलेली स्टॅम्पची पानं, करणारे फार कमी. का, ते या एका केसमधे बऱ्यापैकी दिसलं म्हणून सगळं लिहून काढतेय. पाचपाखाडीतली एक आठवीतली मुलगी, तिचे निवृत्त आजोबा, आजोबांचा स्पोर्ट्स स्टॅम्पचा जाडजूड अल्बम आणि जिल्हा पातळीवरच्या प्रदर्शनात शाळकरी गटासाठी एक फ्रेम, एवढंच प्रकरण. मी त्यांच्याच सोसायटीत राहते, स्टॅम्प जमवते हे सगळ्यांना माहिती, त्यामुळे मुलगी आणि तिचे बाबा अल्बम घेऊन माझ्याकडे आले.

बाबांच्या डोक्यात प्रदर्शनापेक्षा शिष्यवृत्ती जास्त होती. पोस्टाची दीनदयाळ स्पर्श योजना 2017 पासून आहे, सहावी ते नववीच्या मुलांना वर्षाला 6000 रुपये मिळतात, त्यासाठी क्विझ आणि प्रोजेक्ट असतं आणि शाळेत फिलाटेली (म्हणजे तिकीटसंग्रहाचा) क्लब तरी हवा नाहीतर मुलाचं स्वतःचं फिलाटेली डिपॉझिट अकाउंट तरी, म्हणजे पोस्टात पैसे ठेवले की नवी तिकिटं घरी येतात ते खातं. ते अकाउंट त्यांनी आधीच काढलेलं. म्हणजे कागदपत्रं तयार, विषय ठरलेला ("स्पोर्ट्स, काकू, आजोबांकडे सगळं आहेच"), फक्त पानांवर लावायचं बाकी, असा सगळा हिशोब होता.

अल्बममधे काय निघालं

आजोबा वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात एक्सपोर्ट सेक्शनला होते. परदेशी पाकिटं यायची, त्यावरची तिकिटं सोडवायची, शिवाय सत्तरच्या दशकात फोर्टात जीपीओच्या आसपास फुटपाथवर पॅकेट मिळायची ती दर पगाराला एक. "शंभर डिफरंट स्पोर्ट्स" वगैरे छापलेली. त्यामुळे अल्बम रंगीत म्हणजे किती रंगीत, त्रिकोणी, चौकोनी, सोनेरी छपाईची, फुटबॉल, स्कीइंग, जिम्नॅस्टिक, मोटर रेसिंग, काय नाही ते विचारा.

पहिली अडचण अल्बमचीच. तो फोटोंचा अल्बम होता, चिकट पान आणि वर प्लास्टिकची फिल्म असलेला. ठाण्याची हवा, चार महिने पाऊस, तलावपाळीपासून चालत दहा मिनिटांवर घर, आणि हे पानावरचं चिकट द्रव्य इतकी वर्षं तिकिटांच्या पाठीला. काही पानं नुसती उघडली तरी तिकीट फाटलं असतं. कडेला तपकिरी ठिपके पण आलेले, ज्याला आपण फॉक्सिंग म्हणतो. जी वापरलेली तिकिटं होती ती कागदासकट कापून कोमट पाण्यात टाकली, बरीचशी सुटली. मिंट, म्हणजे न वापरलेली, होती त्यांचा मागचा गम तसाही गेलेलाच होता, त्यामुळे ती मिंट राहिली नाहीत, एवढं आजोबांना हळूच सांगितलं. हे ऐकून ते गप्पच झाले.

दुसरी अडचण मोठी. चांगली राहिलेली जी तिकिटं होती त्यातली बरीचशी सीटीओ, म्हणजे कॅन्सल्ड टू ऑर्डर. मुलीला मी एक हंगेरीचं त्रिकोणी तिकीट चिमट्यात धरून ट्यूबलाइटखाली तिरकं करून दाखवलं. पुढून कोपऱ्यात शिक्क्याचा एकदम सुबक पाव गोल, आणि मागून गम जसाच्या तसा, चकचकीत. पत्रावर लागलेल्या तिकिटाच्या मागे गम असा राहीलच कसा? ती दोन मिनिटं उलटसुलट करून बघत राहिली आणि म्हणाली, "काकू, म्हणजे हे कधी कुठे गेलंच नाही." बरोब्बर. हंगेरी, रोमेनिया, बल्गेरिया, पोलंड, मंगोलिया, या देशांची पोस्टं संग्राहकांसाठी शीटच्या शीट छापखान्यातून शिक्का मारून स्वस्तात डीलरला द्यायची आणि तीच आपल्या फुटपाथवरच्या पॅकेटात यायची. देखणी असतात, खोटी पण नसतात, पण टपालाचं काम त्यांनी केलेलं नसतं.

आणि आजोबांची खास पानं होती आखातातल्या अजमान, फुजैरा, उम्म अल क्वैन, मनामा यांची. 1968 चं मेक्सिको, 1972 चं म्युनिक, मोठाली चमकदार तिकिटं. आजोबांचं म्हणणं, "हे देशच राहिले नाहीत आता, म्हणजे केवढी किंमत असेल!" यातलं पहिलं अर्ध बरोबर आहे. 2 डिसेंबर 1971 ला युएई झालं आणि 1973 च्या जानेवारीपासून त्यांची एकत्र तिकिटं सुरू झाली, मग ही छोटी नावं बंद पडली. पण त्याआधीची काही वर्षं या छोट्या अमिरातींच्या नावावर परदेशी एजंटांनी इतकी तिकिटं काढली की तिथल्या माणसांनी आयुष्यभर पत्रं लिहिली असती तरी संपली नसती. संग्राहक यांना ड्यून्स म्हणतात. स्टॅनली गिबन्स या ब्रिटिश कंपनीच्या कॅटलॉगात तर यातली पुष्कळ मागच्या परिशिष्टात ढकललेली आहेत. स्पोर्ट्स आणि स्पेस हे यांचे लाडके विषय, कारण खपायचे. माझं वैयक्तिक मत विचाराल तर मला त्यातली काही डिझाइनं आवडतात, घरी आहेत पण. फक्त फ्रेममधे लावून परीक्षकासमोर उभं राहायचं असेल तर नको.

विषय कसा सापडला

एक फ्रेम म्हणजे ए-फोरची 16 पानं. "स्पोर्ट्स" हा विषय 16 पानांत मावतच नाही. नुसतं ऑलिम्पिक म्हटलं तरी 1896 च्या ग्रीसच्या 12 तिकिटांपासून सुरुवात करावी लागेल, आणि त्यातली वरच्या किमतीची तिकिटं सामान्य माणसाने कॅटलॉगात बघून पान उलटायचं असतं. शिवाय थिमॅटिक, म्हणजे एखाद्या विषयावर मांडणी करायच्या, गटात मार्क कशाला असतात ते बघा: 35 ट्रीटमेंटला, म्हणजे शीर्षक, प्लॅन, गोष्ट कशी पुढे नेलीत त्याला, 30 अभ्यासाला, 30 कंडिशन आणि दुर्मिळतेला, आणि सजावटीला फक्त 5. शाळकरी गटात आकडे थोडे वेगळे पडतात पण तर्क हाच. म्हणजे भारी तिकिटं नसली तरी चालतं, विचार नसला तर मात्र नाही चालत. हे बाबांना पटायला वेळ लागला, कारण त्यांनी रंगीत कार्डशीट आणि सोनेरी बॉर्डर आधीच आणून ठेवलेली.

मुलीला विचारलं, यातलं तुला काय बघायला आवडतं? ती शाळेत हॉकी खेळते, टर्फवर नाही, आपलं मातीच्या ग्राउंडवर. म्हणाली हॉकीचं दाखवा. आणि अख्ख्या अल्बममधे हॉकी निघाली अगदी चार-पाच ठिकाणी. तेव्हा ती जे बोलली ते मी तसंच लिहिते: "आजोबा, तुम्ही रोज सांगता आपण ओळीने सहा गोल्ड मारली, मग तेव्हाच्या स्टॅम्पवर हॉकी का नाहीये?"

आजोबा म्हणाले, असेल की, आपल्याकडे नसेल. मग कॅटलॉग काढला आणि एकेक वर्ष तपासलं, आणि आजोबांचा अंदाज चुकला.

1928 ॲमस्टरडॅम. नेदरलँड्सने 8 तिकिटं काढली: रोइंग, फेन्सिंग, फुटबॉल, शिडाच्या होड्या, गोळाफेक, धावणं, घोडेस्वारी, बॉक्सिंग. हॉकी नाही. गंमत म्हणजे त्या वर्षी फायनलला समोर यजमान नेदरलँड्सच होतं, आपण 3-0 ने जिंकलो आणि पूर्ण स्पर्धेत एकही गोल खाल्ला नाही. 1932 लॉस एंजेलिस. अमेरिकेची उन्हाळी ऑलिम्पिकची दोन तिकिटं, 3 सेंटवर धावायच्या पवित्र्यातला धावपटू, 5 सेंटवर थाळीफेकीचा तो ग्रीक पुतळा. 1936 बर्लिन, जर्मनीची 8: जिम्नॅस्टिक, डायव्हिंग, फुटबॉल, भालाफेक, मशालवाला, फेन्सिंग, रोइंग, घोडा. नाही. 1948 लंडन, ब्रिटनची 4, त्यात एकही खेळ असा नाहीच, पृथ्वीचा गोल, वेग, ऑलिम्पिकची वर्तुळं आणि पंखवाली विजयदेवता. 1952 हेलसिंकी, फिनलंडची 4: डायव्हिंग, फुटबॉल, स्टेडियम, धावपटू. 1956 मेलबर्न, ऑस्ट्रेलियाची 4: शहराचं चिन्ह, मशाल, कॉलिन्स स्ट्रीट आणि यारा नदीपलीकडून दिसणारं शहर. रस्ता आहे, नदी आहे, काठी नाही!

सहा ऑलिम्पिक, सहा सुवर्णपदकं, सहा यजमान देश आणि त्यांच्या ऑलिम्पिक तिकिटांवर हॉकीची काठी एकदाही नाही. असा प्रश्न थिमॅटिकमधे शोधून सापडत नाही आणि इथे तो आठवीतल्या मुलीने सहज विचारला. फ्रेमचं नाव तिथेच ठरलं, "हॉकी कुठाय?"

नसलेली गोष्ट दाखवायची कशी

इथे खरं काम सुरू झालं आणि इथेच मला सगळ्यात मजा आली. जे तिकिटावर नाही ते फ्रेममधे दाखवायचं तर कसं? खेळाडूचा फोटो, वर्तमानपत्राचं कात्रण, इंटरनेटवरून काढलेलं चित्र, हे काही चालत नाही, सगळं टपालाचंच हवं: तिकीट, शिक्का, पाकीट, पोस्टकार्ड, मिनिएचर शीट वगैरे. मुलीच्या पहिल्या ड्राफ्टमधे ध्यानचंद यांचा प्रिंटआउट होता, तो काढायला लावल्यावर ती बरीच वैतागली.

1936 ला तीन पानं दिली. 15 ऑगस्ट 1936 ची फायनल, समोर जर्मनी, 8-1. मशालवाल्याचं 12+6 फेनिंगचं तिकीट मधोमध लावलं, कारण मशालीची रिले त्याच वर्षी पहिल्यांदा झाली. 12 आणि 6 म्हणजे काय हे तिने खाली एका ओळीत लिहिलं: पहिला आकडा टपालाचा, दुसरा वरून घेतलेले जादा पैसे. नेदरलँड्सची आणि फिनलंडची पण अशीच जोडआकडी. एक पाकीट घेतलं, बर्लिनच्या ऑलिम्पिक स्टेडियमच्या खास शिक्क्याचं. 15 ऑगस्टचा शिक्का असता तर भारीच झालं असतं, पण तसं बजेटमधे कुठलं बसायला, आमचं निघालं 12 ऑगस्टचं. तिने ओळ लिहिली, "फायनलच्या तीन दिवस आधी हे पाकीट इथून निघालं." मला ही ओळ फार आवडली कारण यात एक शब्द पण वाढवून सांगितलेला नाही.

1948 चं पान तिचं स्वतःचं. 12 ऑगस्ट 1948, वेम्बली, फायनलला ब्रिटन, आपण 4-0. स्वातंत्र्यानंतरचं पहिलं सुवर्ण आणि तेही ज्यांच्याकडून स्वातंत्र्य घेतलं त्यांच्याच अंगणात. ब्रिटनची चार तिकिटं 29 जुलै 1948 ची, ती एका बाजूला. आणि दुसऱ्या बाजूला तिने ठेवलं स्वतंत्र भारताचं पहिलं तिकीट, 21 नोव्हेंबर 1947 चं साडेतीन आण्यांचं, तिरंगा आणि "जय हिंद" असलेलं. हॉकीशी तिकिटाचा संबंध काही नाही, पण वेम्बलीवर वर चढला तो हाच झेंडा. मी काही सुचवलं नव्हतं. ते तिकीट आजोबांच्या अल्बममधे पहिल्याच पानावर होतं आणि सुदैवाने वापरलेलं होतं, त्यामुळे भिजवून सुटलं.

1952 ला भांडण झालं. आजोबा म्हणाले, हेलसिंकी म्हटलं की आधी खाशाबा जाधव, कराडजवळच्या गोळेश्वरचा माणूस, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक, कुस्तीचं ब्राँझ, आणि तू त्यांना वगळतेस? मुलगी म्हणाली, आजोबा, माझा विषय हॉकी आहे. आजोबा म्हणाले, मराठी घरातून फ्रेम जातेय आणि खाशाबा नाहीत, लोक काय म्हणतील. खरं सांगायचं तर मन माझंही आजोबांच्याच बाजूला होतं, पण प्लॅनमधे ते बसत नव्हते. फिनलंडच्या चार तिकिटांत कुस्ती पण नाही ही गोष्ट मात्र मुलीच्या लक्षात आली आणि तिने आजोबांना सांगितलं, तुमची वेगळी फ्रेम करू, "कुस्ती कुठाय". त्यावर ते मानले.

खरेदी करताना काय काय झालं

1928 चा पूर्ण सेट चांगल्या स्थितीत घेणं परवडणारं नव्हतं, म्हणून वापरलेली तीनच घ्यायची ठरली, त्यात फुटबॉलचं हवंच. थिमॅटिकमधे सेट पूर्ण असायलाच हवा असं नसतं, हे अनेकांना माहीत नसतं आणि उगाच पैसे जातात. तरी बाबांनी ऑनलाइन एका विक्रेत्याकडचा मिंट सेट बघितला, "नेव्हर हिंज्ड" (म्हणजे अल्बममधे लावायची चिकटपट्टी, हिंज, मागे कधीच न लागलेला) म्हणून लिहिलेला, भाव चांगला. फोटो फक्त पुढचे. मी म्हणलं मागचे मागवा. मागचे आले तर गम अगदी एकसारखा नवाकोरा, आणि परफोरेशनच्या, म्हणजे कडेच्या भोकांमुळे झालेल्या, दातांच्या टोकांवर गमाचे बारीक थेंब. मूळ गम शीटला आधी लागतो आणि भोकं नंतर पडतात, त्यामुळे दाताच्या टोकाला गम गोळा होऊन बसत नाही. असं दिसलं की नव्वद टक्के रिगम, म्हणजे जुन्या तिकिटाला नवा गम लावून महाग विकणं. बाबांनी मेसेज करून नाही सांगितलं, त्यावर विक्रेत्याने "तुम्हाला कळत नाही" असं उत्तर दिलं. ठीक आहे.

बाकीचं फोर्टातून आलं. आजोबा स्वतः गेले, स्लो लोकलने सीएसएमटी, कारण फास्टला बसायला मिळत नाही. त्यांना तिथले जुने लोक ओळखणारे निघाले. पाकिस्तानचा 1962 चा चार तिकिटांचा सेट (फुटबॉल, हॉकी, स्क्वॉश, क्रिकेट) त्यांनी घासाघीस करून आणला. तो कशाला? कारण 1960 ला रोममधे पाकिस्तानने आपल्याला 1-0 ने हरवलं आणि ती सहा सुवर्णांची रांग तुटली, आणि दोन वर्षांनी त्यांनी हॉकी तिकिटावर आणली. मुलीच्या मैत्रिणीने विचारलं, पाकिस्तानचं का लावतेस? ती म्हणाली, मग हरलो ते लपवू का?

आणि मग जपान. 1964 च्या टोकियोसाठी जपानने 1961 पासून टप्प्याटप्प्याने 5+5 येनची 20 तिकिटं काढली, आणि त्यात हॉकी आहे! टोकियोत आपण पाकिस्तानला 1-0 ने हरवून सुवर्ण परत आणलं. म्हणजे सातव्या सुवर्णाला यजमान देशाच्या तिकिटावर एकदाची काठी दिसली. त्या पानावर तिने फक्त ते एकच तिकीट लावलं, मधोमध, बाकी पान रिकामं. बाबा म्हणाले पान मोकळं दिसतंय, भर काहीतरी. मी म्हणलं हात लावू नका.

आजींची पेटी

भारताचं स्वतःचं काय? 1951 ला दिल्लीच्या पहिल्या एशियन गेम्सला आपण दोन तिकिटं काढली, 2 आणे आणि 12 आणे, पण त्यावर मशाल आणि आशियाचा नकाशा आहे. आपल्या हॉकीच्या विजयाचं तिकीट आलं ते 31 डिसेंबर 1966 ला, 15 पैशांचं, बँकॉकच्या एशियन गेम्सचं सुवर्ण म्हणून. ऑलिम्पिकची सात सुवर्णं झाल्यावर, एशियाडच्या पहिल्या सुवर्णाला! हे तिकीट सुटं सगळीकडे मिळतं, महाग अजिबात नाही. पण मला हवं होतं ते पाकिटावर, खरंच पोस्टातून गेलेलं. ते मात्र कुठे मिळेना, कारण आजोबांच्या पिढीने सगळी पाकिटं भिजवून तिकिटं सोडवली आणि पाकिटं फेकून दिली. तेव्हा सगळे असंच करायचे.

आजी इतके दिवस या सगळ्यात नव्हत्या, चहा देऊन आत जायच्या. एक दिवस म्हणाल्या, "माझ्या माहेरची पत्रं आहेत, त्यात बघा हवं तर, पण यांना हात लावू देऊ नका, हे भिजवतील." लाकडी पेटी, नॅप्थलिनच्या गोळ्यांचा वास, दोऱ्याने बांधलेले गठ्ठे. 1967 च्या गठ्ठ्यात एक पाकीट निघालं, हॉकीचं 15 पैशांचं तिकीट लावलेलं, आजींच्या भावाने पाठवलेलं.

स्थिती बेताचीच. पाकीट उजव्या बाजूने फाडून उघडलेलं, त्यात तिकिटाचे वरचे दोन दात गेलेले, आणि पोचल्याचा जो शिक्का मागे मारलाय त्यात जुन्या स्पेलिंगच्या "ठाणा"ची पहिली तीनच इंग्रजी अक्षरं वाचता येतात. लावायचं की नाही यावर आमच्या घरात संध्याकाळभर वाद. माझं म्हणणं लावायचं, कंडिशनचे मार्क जातील तर जाऊ देत. बाबांचं म्हणणं एवढी मेहनत केली आणि फाटकं पाकीट कशाला. मुलीने आजींना विचारलं की वरचं नाव-पत्ता लोकांना दिसलेला चालेल का. हे आमच्यापैकी कोणाच्या डोक्यात पण आलं नव्हतं. आजी म्हणाल्या नाव झाका. मग पानाला खिडकी कापून पाकीट मागून बसवलं, तिकीट आणि शिक्का दिसेल, पत्ता झाकलेला, आणि मागच्या शिक्क्याची झेरॉक्स छोटी करून शेजारी. अशी प्रत चालते, फक्त ती प्रत आहे हे कळायला हवं.

शेवटची दोन पानं आजोबांच्या खजिन्यातली. ध्यानचंद यांचं 35 पैशांचं तिकीट, 3 डिसेंबर 1980 चं, त्यांच्या पहिल्या स्मृतिदिनाचं. आणि 29 डिसेंबर 1981 चं फर्स्ट डे कव्हर, म्हणजे तिकीट निघालं त्याच दिवशीच्या शिक्क्याचं पाकीट, मुंबईतल्या हॉकी विश्वचषकाचं, आजोबांनी जीपीओत लाइन लावून घेतलेलं. हे कव्हर चिकट अल्बममधे न जाता बँकेच्या पासबुकात राहिलं म्हणून वाचलं. तो विश्वचषक पाकिस्तानने जिंकला, तेही पानावर लिहिलंय.

प्रदर्शनात

सोनेरी बॉर्डर काढली, साधा पांढरा जाड कागद, काळी अक्षरं. तिकिटं हिंजवर नाही, पारदर्शक माउंटमधे. मजकूर तिने आधी निबंधासारखा लिहिलेला, तो कापत कापत पानाला चार-पाच ओळींवर आणला. पहिल्या पानावर प्लॅन. आजोबांच्या अजमान-फुजैराचं एकही तिकीट गेलं नाही, हंगेरीचे त्रिकोण पण नाहीत. आजोबा त्या दिवशी प्रदर्शनाला आले ते थोडे फुगूनच, पण लोक 1981 च्या कव्हरपुढे थांबून विचारायला लागले तशी त्यांची कळी खुलली आणि मग लाइन किती मोठी होती वगैरे ते प्रत्येकाला सांगत बसले.

परीक्षकांनी सिल्व्हर ब्राँझ दिलं, म्हणजे ब्राँझच्या वरचं आणि सिल्व्हरच्या खालचं पदक. पहिल्या प्रयत्नाला आठवीतल्या मुलीला हे चांगलंच आहे, बाबा थोडे नाराज झाले, त्यांना गोल्डच हवं होतं. परीक्षकांशी नंतर बोलायला मिळतं, ते मुलीने स्वतः जाऊन विचारलं. त्यांचं म्हणणं: ट्रीटमेंट उत्तम, प्रश्न चांगला, पाकिटाला कंडिशनचे मार्क गेले पण पाकीट काढू नकोस. कमजोर पान कुठलं तर 1932 चं. अमेरिकेची दोन तिकिटं सुटी लावली आणि खाली 24-1, म्हणजे आपण अमेरिकेला हरवलं तो स्कोअर, लिहिलं, पण ते पान काहीच पुढे नेत नाही. त्या वर्षी हॉकीला संघच तीन होते, भारत, जपान आणि अमेरिका, आणि हे तिथे कुठे लिहिलेलंच नाही. शिवाय लॉस एंजेलिसच्या काळातलं भारतातलं काहीतरी टपालाचं हवं, म्हणजे संघ इथून कसा गेला, बोटीने, किती दिवस, ते दाखवणारं.

तर सध्या मुलगी त्या काळातली जहाजाची टपाल पाकिटं शोधतेय, आजोबा दर शनिवारी फोर्टात जातात आणि येताना कुस्तीचं काही दिसलं तर तेही उचलून आणतात. स्पर्शचं क्विझ अजून व्हायचंय. फोटोंचा तो चिकट अल्बम रिकामा करून झाला, वाचलेली सगळी तिकिटं आता स्टॉकबुकात (न चिकटवता तिकिटं पट्ट्यांत खोचून ठेवायची वही) आहेत, मधे ग्लासिन हा गुळगुळीत कागद आणि कपाटात सिलिका जेलच्या पुड्या, त्या पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी बदलायच्या हे काम बाबांकडे दिलंय.